शिट्टी आणि कपलिंग : पूर्णा जंक्शनपासून खेळण्यातल्या इंजिनापर्यंत

मराठीत रेल्वेला दोन जुनी घरगुती नावे आहेत. मोठ्या माणसांनी तिला आगगाडी म्हटले. ती कशावर चालते ते त्यात आले. मुलांनी तिला झुकझुकगाडी म्हटले. ती कशी ऐकू येते ते त्यात आले. खेळण्यातल्या रेल्वेचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, मोठ्यांची आगगाडी कारागिरांनी लवकर बनवली. मुलांची झुकझुकगाडी बनवायला त्यांना पुढे कित्येक दशके खपावे लागले.

आज परदेशी बनावटीचे एखादे चांगले मॉडेल इंजिन घेतले, तर त्याच्यासोबत हातात मावणारा एक नियंत्रक वापरता येतो. त्यावरचे एक बटण दाबले की दिवा लागतो, दुसरे दाबले की शिट्टी वाजते, तिसरे दाबले की इंजिन आपल्या मागचा डबा आपोआप सोडून पुढे निघते. इंजिनाला बोटही लावावे लागत नाही. यातली शिट्टी आणि डबा सोडण्याची सोय या दोन गोष्टी खेळण्यात सर्वांत उशिरा नीट जमल्या. असे का झाले असावे, याचा शोध घेताना मला परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनकडे वळावे लागले. कारण खऱ्या रेल्वेत या दोन गोष्टी यंत्राच्या नसून माणसांच्या होत्या, आणि त्या करणारी माणसे पूर्णेच्या यार्डात पिढ्यान्‌पिढ्या राबली.

पूर्णेचे यार्ड

निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस बांधली गेली. हैदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, जालना, औरंगाबाद असे करीत ती मनमाडला पोचत असे. हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. मनमाडला मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज, तिचे अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे परभणीहून मुंबईला जाणाऱ्या उतारूला मनमाडला गाडी बदलावी लागे आणि माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हलवावा लागे. या दोन्ही गेजचे डबे एकमेकांना जोडता येणे शक्यच नव्हते. मराठवाड्याचे उर्वरित महाराष्ट्राशी असलेले अंतर मोजायचे, तर मनमाडच्या फलाटावर ते नेमके ६७६ मिलिमीटर भरत असे.

१९१२ च्या सुमारास पूर्णेहून हिंगोलीला फाटा गेला. पुढे १९६० च्या आसपास हिंगोली–अकोला–खंडवा हा दुवा पुरा झाला आणि दक्षिणेतले मीटरगेजचे जाळे उत्तरेतल्या जाळ्याला या बाजूनेही जोडले गेले. काचीगुड्याहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णेवरूनच जाई. तीन दिशांचे फाटे, इंजिनांची शेड आणि मोठे यार्ड यांमुळे पूर्णा हे रेल्वेचे गाव झाले. निजामाची रेल्वे १९५० मध्ये केंद्राकडे गेली, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली. पाट्या बदलल्या, पण यार्डातले काम तेच राहिले.

ते काम कसे चाले हे समजून घेतल्याशिवाय खेळण्याची गोष्ट कळणार नाही. मीटरगेजच्या डब्याला दोन्ही टोकांना मधोमध एकच बफर असे आणि त्यातच जोडणीचा आकडा. समोरासमोर आलेल्या दोन डब्यांपैकी एकाचा आकडा दुसऱ्यातल्या खिळीवर वरून पाडायचा, मग ब्रेकच्या व्हॅक्यूमचा रबरी पाइप जोडायचा. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्यांना दोन कडांना दोन बफर आणि मधे आट्यांचे कपलिंग. ते आकड्यात अडकवून दांडा फिरवून आवळावे लागे. दोन्हींत माणूस दोन डब्यांच्या मधे शिरत असे.

सोडवण्याचे काम तर आणखी नाजूक. गाडी ताणलेली असली की आकडा निघत नाही. म्हणून पॉइंट्समन किंवा शंटिंग जमादार इंजिनाकडे हात करून खूण देई : थोडे मागे. ड्रायव्हर इंजिन हातभर मागे रेटी, बफर दबत, जोडणीतला ताण सुटे, आणि त्या दोन क्षणांत खालचा माणूस आकडा उचलून मोकळा होई. मग तो बाहेर आला की पुढची खूण. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांजवळ आणले की ‘जोडायचे आहे, हळू ये’. रात्री हेच काम हातातल्या दिव्याने. खालच्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या हातात असे आणि वरच्या माणसाची नजर खालच्या माणसाच्या हातावर.

वरचा माणूस उत्तर देई ते शिट्टीने. रेल्वेच्या नियमांत शिट्ट्यांची लिपीच आहे. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ड्रायव्हर गार्डाकडे निघण्याची खूण मागतो आहे. तीन आखूड म्हणजे गार्डाने ब्रेक लावावा. फाटक जवळ आले की सलग लांब शिट्टी. म्हणजे प्रवाशाला जो नुसता आवाज वाटतो, ते रेल्वेच्या माणसांचे आपसातले बोलणे होते. यार्डात हाताने विचारायचे आणि शिट्टीने सांगायचे, अशी ही भाषा.

चावीच्या गाडीला कंठ फुटतो

खेळण्यातल्या रेल्वेने सुरुवात केली ती गाडीच्या रूपापासून आणि गतीपासून. जर्मनीतल्या मार्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. तिचे रूळ ठरावीक मापांचे होते, एकमेकांना जोडून वाढवता येत होते. इंग्लंडमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे विजेच्या गाड्या आल्या. गाडी धावू लागली, वळू लागली, बोगद्यातून जाऊ लागली. पण ती मुकी होती, आणि डबा काढायचा तर मुलाला हात घालूनच काढावा लागे.

अमेरिकेत जोशुआ लायनेल कोवेन याने १९०० मध्ये सुरू केलेल्या लायनेल कंपनीने १९३५ मध्ये गाडीला शिट्टी दिली. त्यामागची युक्ती आजही वाचण्यासारखी आहे. इंजिनामागच्या कोळशाच्या टेंडरमध्ये एक छोटी मोटार बसवली. ती एक पंखा फिरवी आणि पंख्याची हवा शिट्टीच्या पोकळीतून जाऊन आवाज निघे. अडचण अशी की, रुळांतून येणारी वीज तर इंजिन चालवायला लागत होती. शिट्टीला वेगळा हुकूम पोचवायचा कसा? रुळांत उलटसुलट दिशेने वाहणारा, म्हणजे एसी प्रवाह असे. बटण दाबले की त्यात थोडा एकाच दिशेचा डीसी प्रवाह मिसळला जाई. टेंडरमधला एक स्विच फक्त याच मिसळलेल्या प्रवाहाला ओळखी आणि शिट्टीची मोटार चालू करी. इंजिन आपल्या वाटेने चालतच राही. त्याच दोन तारांतून दोन वेगळे हुकूम पाठवण्याची ही सुरुवात. आजच्या सगळ्या नियंत्रकांची मूळ कल्पना इथे आहे.

१९४६ मध्ये लायनेलने आणखी मोठी उडी घेतली. इंजिनात आणि प्रत्येक डब्यात रेडिओचा छोटा ग्राहक बसवला आणि नियंत्रकावर रंगीत बटणे दिली. ज्या डब्यावर ज्या रंगाची खूण, त्या रंगाचे बटण दाबले की तोच डबा सुटे. शिट्टीही त्याच नियंत्रकावरून वाजे. ही गाडी महाग आणि नाजूक होती, काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. कल्पना मात्र काळाच्या पन्नास वर्षे पुढे होती.

हाताविना कपलिंग

कपलिंगचा प्रवास समजण्यासाठी खऱ्या रेल्वेकडे पुन्हा यावे लागते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डबे कडी आणि खिळीने जोडत. त्या कामात बोटे, हात आणि जीव गमावणाऱ्यांची संख्या दरवर्षी हजारोंत जाई. यादवी युद्धात लढलेल्या ईलाय जॅनी याने १८७३ मध्ये एका नव्या कपलिंगचे पेटंट घेतले. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तसा त्याचा आकार आहे. त्याने आधी चाकूने लाकूड कोरून त्याचा नमुना केला, असे सांगतात. म्हणजे जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या रेल्वे-कपलिंगचा जन्मही एका खेळण्याएवढ्या नमुन्यात झाला. दोन डबे एकमेकांवर आले की ते आपोआप अडकते. १८९३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून आपोआप जोडले जाणारे कपलिंग सक्तीचे केले. पेटंट आणि कायदा यांच्यामध्ये वीस वर्षे गेली.

लायनेलने १९४५ मध्ये, युद्ध संपताच, याच बोटांच्या आकाराचे छोटे कपलिंग आपल्या गाड्यांना लावले. रुळांचा एक खास तुकडा असे; डबा त्यावर आणून बटण दाबले की विद्युतचुंबकाने कपलिंग उघडे. मुलाचा हात आता गाडीपासून दूर राहिला.

यापुढची सर्वांत सुंदर युक्ती कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांची. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडले केडी. त्यांनी रुळांमध्ये साधा चुंबक ठेवला आणि कपलिंगखाली लोखंडी तारेचा एक वाकडा तुकडा लोंबता ठेवला. डबे चुंबकावर थांबले आणि जोडणीतला ताण सैल झाला की दोन्ही तारा बाजूला ओढल्या जातात आणि कपलिंग उघडते. मग डबा ढकलत हव्या त्या जागी न्यावा, तिथे इंजिन मागे घ्यावे. डबा तिथेच राहतो. ती लोंबती तार दिसायला हुबेहूब ब्रेकच्या रबरी पाइपासारखी आहे. खऱ्या रेल्वेत नेमका तोच पाइप जोडायला आजही माणूस लागतो. खेळण्यात त्याच पाइपाने माणसाची गरज संपवली.

एका चिपमधली झुकझुक

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने एक अंकीय पद्धत विकसित केली. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात तिला प्रमाण मानून नियम केले. या पद्धतीत रुळांत वीज सतत असते आणि त्या विजेतच संदेश असतात : अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक करावे. प्रत्येक इंजिनात एक चिप असते. ती आपला क्रमांक ओळखते आणि फक्त आपला हुकूम पाळते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात, आणि प्रत्येकाचा दिवा, आवाज, कपलिंग वेगळे हाताळता येते.

आता झुकझुक कशी जमवली ते पाहू. वाफेच्या साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी काम करते. म्हणून मोठे चाक एकदा फिरले की धुराड्यातून चार फुसकारे निघतात. मराठवाड्यात धावलेल्या वायपी जातीच्या मीटरगेज इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास १३७२ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ४.३ मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला जवळजवळ एकदा फिरते. सेकंदाला चार फुसकारे, सुटे सुटे मोजता येतील असे. ताशी ४५ किलोमीटरला ते बारा होतात आणि एकमेकांत मिसळून जातात. ‘झुक… झुक…’ चे ‘झुकझुकझुक’ होते ते असे.

खेळण्यातली चिप हे गणित क्षणाक्षणाला करते. ती मोटारीचा प्रवाह निमिषभर तोडते, फिरती मोटार स्वतः किती व्होल्टेज निर्माण करते ते मोजते आणि त्यावरून वेग ओळखून साठवलेला खरा आवाज त्या तालात वाजवते. वेग घेताना फुसकारे जोरकस, उतारावर मंद. शिट्टीसुद्धा खऱ्या इंजिनाच्या ध्वनिमुद्रणातूनच घेतलेली असते.

आणि कपलिंग? काही चिपांत एक गंमत आहे. डबा सोडण्याचे बटण दाबले की इंजिन लगेच पुढे जात नाही. आधी किंचित मागे सरकते, जोडणीवरचा ताण सैल करते, मग कपलिंग उघडते आणि मग पुढे निघते. कपलिंगच्या बारीक गुंडाळीतून प्रवाह जास्त वेळ गेला तर ती जळेल, म्हणून चिप तो वेळेत कमी किंवा बंद करते. हे वाचले आणि मी थांबलो. जर्मनीतल्या अभियंत्यांनी चिपेत जे लिहून ठेवले आहे, ते पूर्णेच्या यार्डातले ‘थोडे मागे’ आहे. जमादाराच्या हाताची खूण, ड्रायव्हरची नजर, खालच्या माणसाचे दोन क्षण, हे सगळे तीन ओळींच्या हुकुमात मावले. गाडीचे रूप आणि गती यांची नक्कल आधी जमली, कारण ती यंत्राची नक्कल होती. शिट्टी आणि कपलिंग उशिरा जमले, कारण ती दोन माणसांच्या समजुतीची नक्कल होती.

या दूरनियंत्रणाने माणसाला नुसते वगळलेच असे नाही. कॅनडात जन्मलेला प्रसिद्ध गायक नील यंग १९९० च्या दशकात लायनेलचा एक मालक झाला. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला गाडी चालवता यावी म्हणून मोठ्या बटणाचा नियंत्रक करण्याच्या खटपटीतून यंग लायनेलच्या नव्या नियंत्रण-पद्धतीच्या घडणीत सहभागी झाला. ज्या हाताला खटका ओढणे शक्य नव्हते, त्या हाताला बटणाने इंजिन दिले.

आपले मॉडेल

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत ठळक नाव म्हणजे पुण्याचे भाऊ जोशी. आपली हलती मॉडेल्स त्यांनी आधी प्रदर्शनांतून लोकांपुढे मांडली. १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तिथे एक अख्खे छोटे शहर आहे. सिग्नल, पूल, फाटके, वाफेची गाडी, दातेरी रुळांची डोंगरगाडी आणि लोंबती मोनोरेल, सगळे एका नियंत्रण-कक्षातून चालते. गाड्यांच्या आवाजासह आणि दिव्यांसह तो खेळ पाहून महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी घरी जाऊन रुळांचा हट्ट धरला असेल.

पण परभणीच्या मुलाने आपल्या गावच्या गाडीचे मॉडेल करायचे ठरवले तर? गणित करून पाहू. जगात सर्वाधिक चालणारे माप १:८७ आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचे आहे. भारतीय ब्रॉडगेज त्या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. तयार रूळ त्याला बसत नाहीत. मीटरगेज मात्र साडेअकरा मिलिमीटर भरते आणि स्वित्झर्लंडमधल्या मीटरगेज डोंगरगाड्यांच्या मॉडेलांसाठी याच मापात १२ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. म्हणजे आजची परभणीची ब्रॉडगेज गाडी करणे कठीण; पण आजोबांच्या काळातली, रुळांवरून केव्हाच गेलेली मीटरगेज गाडी तयार रुळांवर बसते.

अडते ते आवाजावर. चिपेत मिळणारी झुकझुक जर्मन किंवा अमेरिकी इंजिनाची असते. अमेरिकी इंजिन सुटताना घंटा वाजवते. आपल्या इंजिनांना अशी घंटा नव्हती. परभणीच्या टेबलावर पूर्णेचे इंजिन ओहायोच्या सुरात ओरडेल. अनेक आवाजी चिपांत आपण स्वतः मुद्रित केलेला आवाज भरता येतो. पण भरायला तो मुद्रित केलेला असायला हवा.

उरलेले काम

१९९० च्या दशकात मनमाडकडून परभणी-पूर्णेपर्यंत आणि पुढे ब्रॉडगेज आली. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्गही ब्रॉडगेज झाला. मनमाडला गाडी बदलण्याचा जाच संपला आणि मराठवाडा मुंबईला थेट जोडला गेला. ही चांगलीच गोष्ट झाली; मीटरगेजच्या आठवणीने हळवे होताना हे विसरता कामा नये. वाफेची इंजिने त्याआधीच गेली होती. मीटरगेजची काही इंजिने हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जतन केलेली आहेत. वायपीचा फुसकारा मुद्रित करायचा तर तिथे जाऊन करता येईल. पूर्णेच्या यार्डातले बोलणे मात्र तिथे मिळणार नाही. ते ज्यांना येत होते ते फायरमन, शंटिंग जमादार, पॉइंट्समन आता निवृत्त आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

ही नुसती जुन्याची हौस नाही. नव्या डब्यांना आणि मालवाघिणींना आपल्याकडेही आपोआप अडकणारे मधले कपलिंग आले आहे. तरी ब्रेकचे पाइप हातानेच जोडावे लागतात आणि शंटिंग अजून माणसांच्या खुणांवर चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी स्थानकावर शंटिंगच्या वेळी एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. खेळण्यातल्या मुलाचा हात १९४५ पासून दोन डब्यांच्या मधून बाहेर आहे. खऱ्या माणसाचा हात अजून आत आहे. ‘थोडे मागे’ आणि ‘थांब’ यांतला गैरसमज तिथे आजही जीव घेतो.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक साधी विनंती. आज बहुतेक प्रत्येकाच्या खिशात आवाज मुद्रित करणारा फोन आहे. परभणी, पूर्णा, हिंगोली, नांदेड भागात ज्यांच्या घरात, आळीत रेल्वेचे निवृत्त माणूस आहे, त्यांनी या दिवाळीत त्याच्याजवळ तासभर बसावे. कोणत्या शिट्टीला काय म्हणत, जोडताना हात कसा धरत, रात्री दिवा कसा हलवत, कोणाची बोटे गेली, कोण थोडक्यात वाचला, हे त्याच्याच बोलीत मुद्रित करून ठेवावे. खेळण्याच्या चिपेत ते मावेल तितके मावो. निदान झुकझुकगाडी हे नाव ज्या भाषेने दिले, त्या भाषेत तिची झुकझुक चालवणाऱ्यांचे शब्द तरी उरतील.